सगळ्यांना ऐकू येतंय ना

किलवणी नाक्यावरच्या मोबाईलवाल्यानं इअरफोनची दोन्ही बोंडं आपल्या कानांत घातली, स्वतःच्या फोनवर कसलंसं गरब्याचं गाणं लावलं, थोडा वेळ मान डोलावली आणि मग बोंडं काढून शर्टाला पुसत तो म्हणाला, "बेन, आ तो बराबर चाले छे. बेउ साइड." दुर्गाला वाटलं, हा टाळतोय. दुकानदार टाळतात, हे तिला सिल्वासात इतकी वर्षं राहून चांगलं ठाऊक झालं होतं. "डावी बाजू बंद आहे. कालच नेलाय. बदलून द्या," ती म्हणाली. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसते इअरफोन तिच्यापुढं धरले आणि हातानं खूण केली, तूच बघ. तिनं घातले. उजवीकडे गाणं होतं, डावीकडे काही नव्हतं. मग, का कोण जाणे, तिनं बोंडांची अदलाबदल केली. उजवं बोंड डाव्या कानात, डावं उजव्या. बंद पडलेल्या बोंडातून ढोलाचा ठेका स्वच्छ वाजू लागला आणि चालू असलेलं बोंड डाव्या कानात मुकं झालं. इतकी साधी गोष्ट. काल घरी तासभर ती वायर वाकवून, फुंकर मारून, फोन बंद-चालू करून बघत होती, तेव्हा ही अदलाबदल तिला सुचली कशी नाही? की सुचली होती आणि तिनंच सुचू दिली नव्हती? "चालतो की," ती हसून म्हणाली, आणि दुकानाची पायरी उतरली. पाठीमागून तो काहीतरी बोलला असावा, कारण शेजारच्या पानवाल्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ती थांबली नाही.

डोकमर्डीतल्या घराकडं चालताना तिनं एक वेडेपणा केला. रस्त्याच्या कडेला, पिंपळाखाली उभं राहून उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला. आणि सिल्वासा बंद झालं. कंपन्यांचे ट्रक चालले होते, त्यांचा वारा अंगाला लागत होता, धूळ डोळ्यांत जात होती, एक रिक्षावाला तोंड वासून कुणाला तरी शिव्या देत होता, आणि या सगळ्याला आवाज नव्हता. तिनं घाईनं हात काढला. आवाज आला. पण नुसता हात काढून भागणार नव्हतं. कारण आता ती आलेला आवाज तपासू लागली. हा सगळा आला का? की यातलाही निम्मा कुठं गळाला? आपल्याला जेवढं येतं तेवढंच जगात आहे, असं माणूस धरून चालतो. न आलेल्याचा पत्ता लागणार कसा? घर येईपर्यंत ती दर थोड्या वेळानं मागं वळून पाहत होती. मागून काहीतरी येतंय, अगदी जवळ आलंय, आणि आपल्याला ते कळत नाहीये, अशी एक भीती तिच्या मानेवर येऊन बसली ती बसलीच.

आणि हे नेमकं याच आठवड्यात व्हावं. साक्रीच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर लग्न, लग्नानंतर सिल्वासा, सिल्वासात नवऱ्याच्या, कल्पेशच्या, ओळखीनं गलोंड्याच्या सूतकंपनीत ट्विस्टिंग खात्याचं काम, कंत्राटावर. बी.ए. झालेली बाई धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर उभी आहे, याचं कंपनीत कुणाला कौतुक नव्हतं आणि तिलाही हळूहळू लाज वाटेनाशी झाली होती. पण मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका व्हायचं, हे मनातून गेलं नव्हतं. एक खोली, एक टेबल, समोर खुर्ची, खुर्चीत रडवेली मुलगी, आणि आपण तिचं सगळं ऐकून घेतोय, असं ते चित्र होतं. त्यासाठी यंदा तिनं ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. समाजशास्त्र. शिकवणी सुरू व्हायच्या आधी नव्या विद्यार्थ्यांसाठी आठवडाभर पूर्वतयारीचे वर्ग होते. ऑनलाइन कसं शिकायचं, वेळ कसा काढायचा, कॅमेरा कसा ठेवायचा, माईक कधी उघडायचा, मन कसं लावायचं. हा आठवडा नीट पुरा करेल त्याचाच प्रवेश पक्का, असं सरांनी पडद्यावरच्या पहिल्याच पाटीवर लिहिलं होतं. भास्कर सर मूळचे गुहागरकडचे, इथल्याच शाळेत आयुष्य काढलेले, आता अभ्यासकेंद्राचं काम बघणारे. ते विद्यार्थ्यांना कॅमेरा चालू ठेवायला सांगत आणि स्वतःचा बंद ठेवत. पडद्यावर त्यांच्या जागी एका काळ्या चौकोनात 'भा' एवढं अक्षर असे, बाकी पडदाभर त्यांनी तयार केलेल्या पाट्या. वर्ग सुरू झाला की सर पहिल्यांदा विचारत, सगळ्यांना ऐकू येतंय ना? आणि खाली भराभरा उत्तरं उमटत. येस सर. येस सर. हो सर, क्लिअर. त्या रांगेत दुर्गाचंही असे. सर हेच विचारतात हे तिला उत्तरांवरून कळलं होतं.

आवाज येत होता, हेच तर सगळं फसवं होतं. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. भिंतीपलीकडं माणसं बोलत असावीत तसं काहीतरी गोलगोल, चढउतार असलेलं, प्रश्न विचारतंय की सांगतंय एवढं कळावं असं. पहिल्या दिवशी तिनं फोनला दोष दिला. मग पंख्याला. मग समोरच्या घरातल्या कुसुमच्या टीव्हीला. सरांच्या कोकणी हेलालाही देऊन झाला. आणि जेव्हा देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिनं एम.ए.लाच दिला, की असेल बुवा, वरच्या वर्गाचं बोलणं असंच अवघड असेल, सवयीनं कळेल. पडद्याखाली बोललेलं लिहून येण्याची सोय होती, पण ते यंत्र इंग्रजीवर वाढलेलं. सरांच्या मराठीचं ते काय वाटेल ते करी. पाटीवर 'वेळापत्रक' असलं की ते खाली कुठल्याशा गोऱ्या बाईचं नाव लिहून मोकळं होई. पाट्यांवरचं ती अधाशासारखी वाचून घेई. त्यातलं एक वाक्य तिच्या डोक्यात रुतून बसलं होतं. जो आपली अडचण लपवतो तो गळतो. सर या वाक्यावर बराच वेळ बोलले होते. काय बोलले, ते बाकीच्यांना माहीत.

मग खात्यात तिला इतकी वर्षं कसं कळत होतं? हा प्रश्न दुकानातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मशीनपुढं उभी असताना पडला आणि तिचे हात थांबले. ट्विस्टिंगमध्ये कुणीच आवाज काढून बोलत नाही. गरगर फिरणाऱ्या चात्यांच्या त्या गर्जनेत बोलायचं कुणाशी? नवीन आलेला माणूस आठवडाभर बोंबलतो, घसा बसवून घेतो, आणि मग आपोआप गप्प होऊन नुसते ओठ हलवायला शिकतो. तिला वाल्मिकभाऊंनी शिकवलं होतं. वाल्मिकभाऊ शिंदखेड्याकडचे, खात्यातले सगळ्यात जुने. ती पहिल्या दिवशी किंचाळून काही विचारत होती, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडापुढं हात धरला होता आणि ओठांनी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं होतं, "बोंबलू नको बई. नुसतं तोंड हालव. मी ऐकस." आणि खरंच, थोड्या महिन्यांत ती मशीनच्या पार त्या टोकाला उभ्या असलेल्या ममताशी सासूच्या चुगल्या करू लागली, सुपरवायझरची नक्कल करू लागली. अख्खं खातं असं ओठांवर बोलायचं, भांडायचं, हसायचं. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, ही माणसं घास नसताना चावतायत काय? जिथं कोणालाच ऐकू येत नाही तिथं बहिरं कोण झालं हे समजायचं कसं? नारिंगी बोळे होते कानात घालायचे, पाहुणे येणार असले की वाटायचे. एरवी घामानं ते निसटत, आणि घातले तरी काय, नाही घातले तरी काय, असं सगळेच म्हणत. तीही म्हणत असे. तिचा डावा कान कायम मशीनकडं असायचा.

वाल्मिकभाऊंचं पुढं काय झालं ते आठवायचं नाही, असं ती ठरवून होती, आणि सबंध पाळीभर तिनं दुसरं काही आठवलं नाही. शेवटी शेवटी ते फार गोड झाले होते. कुणी काही बोललं की हसायचे, मान हलवायचे, हो हो. जेवणाच्या सुट्टीत, बाहेर, जिथं सगळे आवाज काढून आणि इकडंतिकडं बघत बोलत, तिथंसुद्धा हो हो. पोरं त्यांची थट्टा करत. वाल्मिकभाऊ, तुमची बायको पळून गेली म्हणे? हो हो. दुर्गाही त्या हसण्यात होती. मग एके दिवशी मालाची गाडी मागं येत असताना ते तिच्या वाटेत चालत राहिले. हॉर्न वाजत होता. सगळे ओठांनी ओरडत होते, आणि ते पाठमोरे होते. पाय गेला नाही, वाचला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात कानांची तपासणी झाली आणि त्यांना सांगण्यात आलं की आता आराम करा. कंत्राटी माणसाला आराम करा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गेटपाशी ते सगळ्यांकडं बघून हसत उभे होते. तुम्हाला पुन्हा नाही बोलावणार, भाऊ, कुणीतरी म्हणालं. हो हो, ते म्हणाले. आता दुर्गाला वाटलं, आपलं 'येस सर' म्हणजे दुसरं काय आहे?

आणि त्या वर्गात योगेश होता. हे आधीच सांगायला हवं होतं, पण तिच्या मनानंही ते शेवटपर्यंत मागं ठेवलं होतं. योगेश अमळनेरचा, पूर्वी तिच्याच खात्यात फिटर, मशीनच्या पोटात डोकं घालून दिवस काढलेला. मग बाहेरून बी.ए. करून कंपनीच्या ऑफिसात बसला. माणूस वाईट नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा तोच घरोघर पोचवतो. पण दरवर्षी कानांच्या तपासणीची गाडी येते तेव्हा कोणाला आत पाठवायचं, कोणाचा कागद कोणत्या टेबलावर जायचा, हे त्याच्या हातात. त्यालाही एम.ए. करून वरची खुर्ची हवी होती. पडद्यावर तो वरच्या ओळीत असे, मागं कंपनीचं कॅलेंडर, केसांना तेल, डोळे अगदी पडद्याला लावलेले. त्याचं 'येस सर' नेहमी सगळ्यांच्या मागून येई, दुर्गाच्याही मागून. साहेब झाला, आता सावकाश लिहितो, असं तिला वाटे. गाडी पुढच्या आठवड्यात यायची होती. वर्गात कानाचं एक अक्षर बोलली तर ते योगेशच्या पुढ्यात बोलली. न बोलली तर एम.ए. गेलं. भीतीला एकच तोंड असतं तर माणूस पाठ तरी फिरवू शकला असता.

संध्याकाळी कल्पेश अथालहून, त्याच्या पॅकिंगच्या कामावरून आला. ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली तेव्हा तो म्हणाला, "बदली दिधा का त्यानी इअरफोन?"

"चालू व्हता तो. मनाच घोळ व्हता."

"मी सांगं ना तुले. तू ऐकसच नही कोनाचं."

तो हसत म्हणाला, सहज, आणि हातपाय धुवायला गेला. ती झाऱ्या हातात धरून तशीच उभी राहिली. खांद्यावर जिथं त्याचा हात लागला होता ती जागा तिला वेगळी जाणवू लागली. कधीपासून हा असा खांद्याला हात लावून बोलतो? लग्न झालं तेव्हा तो दारातूनच हाका मारायचा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा. मग ते बंद झालं. मग तो जवळ येऊन, हात लावून, ती वळेपर्यंत थांबून बोलू लागला. तिला वाटलं होतं, संसार मुरला की पुरुष मऊ होतात. तिनं हे ममतालाही सांगितलं होतं, थोडं लाजत, थोडं मिरवत. म्हणजे तो माया करत नव्हता? की माया करता करता त्यालाही न कळता हे जमून गेलं होतं? आणि त्याला जर कळलं होतं, तर तो गप्प का राहिला? तिला त्याच्या तोंडाकडं बघायचीही भीती वाटली. बघितलं नाही तर तो काय म्हणतो ते कळणार नव्हतं.

मग एकेक गोष्ट आपल्या पायानं चालत येऊ लागली. कुकरच्या शिट्ट्या ती कधीपासून वाफेवरून ओळखते? गावाकडं आई, कोंडाबाई, फोनवर सारखी कुरकुरायची, "माय, तू फोन का बरं उचलत नही?" म्हणून दुर्गानं तिला व्हिडिओवर बोलायला शिकवलं होतं, मामेभावाला सांगून फोन घेऊन दिला होता. आई, तुझा चेहरा बघावासा वाटतो गं, असं ती तिला म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. पण आईचा चेहरा बघावासा वाटायचा तो कशासाठी? तोंड पदरानं झाकून आई बोलायला लागली की दुर्गा चिडायची, पदर काढ म्हणायची, आणि आई म्हणायची, काय बई, शहरात जाऊन माणसांचे पदर काढाले लागनी तू. दोघी हसायच्या. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला ते हसणंही संशयास्पद वाटू लागलं. आपल्या आयुष्यातलं काय काय आपण प्रेम म्हणून घेतलं आणि काय काय नुसती सोय होती, हे आता कोण वेगळं करून देणार?

शेवटच्या वर्गाला प्रत्येकानं माईक उघडून आपली अडचण बोलून दाखवायची होती. ऑनलाइन शिकताना तुम्हाला काय आडवं येणार आहे, ते स्वतःच्या तोंडानं सांगा, असं पाटीवर होतं. दुर्गानं उत्तर तयार ठेवलं होतं. रेंज. डोकमर्डीत रेंज जाते. हे कुणीही मान्य करील असं, बिनकाट्याचं उत्तर होतं. मोरीच्या बाजूला, भिंतीला टेकून, फोन डब्यावर उभा करून ती बसली. कल्पेश दाराबाहेर पायरीवर बसला होता, मुद्दाम, तिला निवांत मिळावं म्हणून. पडद्यावर चेहरे उमटले. सरांचा 'भा' आला. खाली येस सर, येस सर. तिनंही लिहिलं. सगळ्यांच्या मागून योगेशचं आलं. मग एकेक जण बोलू लागला. चेहरे दिसत होते तोवर काही बिघडलं नव्हतं, ओठ वाचता येत होते. एक बाई म्हणाली, लेकरू लहान आहे. एक पोरगा म्हणाला, शिफ्ट बदलते. योगेशचे ओठ तिनं फार लक्ष देऊन पाहिले. तो म्हणाला, माझी काहीच अडचण नाही, सर. त्याचा जबडा किंचित थरथरत होता, पण कॅमेऱ्यापुढं सगळ्यांचंच तसं होतं.

आणि मग पडदा थांबला. म्हणजे सगळं चालूच होतं, फक्त कुणाचेच ओठ हलत नव्हते आणि सगळे कुठंतरी बघत होते. दुर्गाही बघत राहिली. आता कोणाची पाळी, असं ती मनात म्हणत होती. खाली एक ओळ उमटली. दुर्गा मॅडम, सर बोलावतायत. मग दुसरी. मॅडम तुमचा नंबर. किती वेळ सर हाका मारत होते कोण जाणे. वाल्मिकभाऊंच्या मागून गाडी आली तेव्हा ते असेच बघत असतील, समोर, शांतपणे, सगळ्यांच्या तोंडांकडं. घाईघाईनं तिनं माईक उघडला आणि ती म्हणाली, सर, रेंज जाते. आणि लगेच ओळी आल्या. मॅडम माईक बंद आहे. माईक ऑन करा. अनम्यूट मॅडम. तिनं पाहिलं. माईक उघडाच होता. आवाज तिनं काढला नव्हता. भीती वाटली तशी ती मनानं खात्यात जाऊन उभी राहिली होती आणि नुसते ओठ हलवले होते.

तेव्हा तिला हसू आलं, रडूही येत होतं, आणि तिच्या तोंडातून जे निघालं ते रेंज नव्हतं.

"सर, मला ऐकू येत नाही."

ती किती जोरात बोलली ते तिला कळलं नाही. पायरीवर बसलेला कल्पेश ताडकन उठला आणि समोरच्या दारातून कुसुमनं डोकं बाहेर काढलं, म्हणजे बरंच जोरात असावं. पडद्यावरचे सगळे चेहरे थोडे मोठे झाले. मग खाली मदतीचा पूर आला. नेटवर्क असेल. बाहेर येऊन बघा. इअरफोन चेक करा मॅडम. लेफ्ट होऊन परत या. किती चांगली माणसं होती ती. एवढे सगळे दरवाजे तिच्यासाठी उघडून उभी होती, आणि कुठल्याही एकातून बाहेर पडता येणार होतं. हो, नेटवर्कच, एवढं म्हणायचं. तिनं वरच्या ओळीत पाहिलं. योगेश जागचा हलला नव्हता. त्याचे डोळे तिच्यावर होते. पुढच्या आठवड्यात याच डोळ्यांपुढं तिला त्या गाडीत बसायचं होतं, कानाला यंत्र लावून, आवाज आला की बोट वर करा असं म्हणतील तेव्हा. तरी ती बोलली, कारण आता न बोलणं अधिक भीतीचं झालं होतं.

"नेटवर्क नाही सर. इअरफोन पण चांगलाय. कान गेलेत माझे. कंपनीत, मशीनवर. आठवडाभर तुमचं एक वाक्य मला समजलेलं नाही. मी नुसतं येस सर लिहीत होते. पण मला ओठ वाचता येतात. तुम्ही कॅमेरा चालू केलात ना सर, तर मला शिकता येईल."

दारात कल्पेश उभा होता. त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही. काळ्या चौकोनातला 'भा' गेला, आणि तिथं एक वयस्क गृहस्थ आले. बनियनवर घाईनं शर्ट चढवलेला, वरचं बटण चुकलेलं, मागं दोरीवर पंचा वाळत घातलेला. एवढ्यासाठी इतके दिवस लपले होते बिचारे. देवाची कृपा म्हणजे मिशा नव्हत्या. ते पडद्याच्या फार जवळ आले आणि ओठ वाकडेतिकडे ताणत, लहान मुलाला भरवताना आपणच तोंड उघडावं तसं, म्हणाले, "आता कळतंय का हो, ताई?"

"कळतंय. इतकं ताणू नका सर. नेहमीसारखं बोला."

ते हसले. डोळे पुसल्यासारखं काहीतरी केलं. मग पुढं बोलू लागले आणि शब्द, सुटे सुटे, एकामागून एक, तिच्यापर्यंत येऊ लागले. सर म्हणत होते की चूक माझी आहे, शिकवणाऱ्यानंच आधी तोंड दाखवायला हवं, तुमच्या प्रवेशाची काळजी करू नका, मी बघतो. तिला ते सगळं समजत होतं, आणि तरी भीती कमी होत नव्हती. कारण डोळ्याच्या कोपऱ्यात, वरच्या ओळीत, योगेशचे ओठ हलत होते. त्याचा माईक बंद होता, तांबडी खूण दिसत होती. वर्गात त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तो खात्यातल्यासारखा बोलत होता, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जसं वाल्मिकभाऊंनी त्यालाही कधीतरी शिकवलं असेल तसं. तिला वाटलं, आता विचारील, कधीपासून? मग कागद कोणत्या टेबलावर जायचा ते ठरेल. ती बघत राहिली.

"माले बी ऐकू येत नही," योगेश म्हणाला. "कोनाले सांगू नको."

तिला नीट दिसलं होतं, तरी त्यानं ते पुन्हा म्हटलं. तेल लावलेल्या केसांखाली त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मागच्या कॅलेंडरवर कंपनीचा हसरा सूर्य होता. दुर्गानं मान हलवली, हो हो.

सर आता पाटीकडं वळत होते. वळण्याआधी त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं आणि तिला कळावं म्हणून मुद्दाम हळू विचारलं, "आणि बाकी? बाकी सगळ्यांना ऐकू येतंय ना?"

खाली उत्तरं उमटू लागली. येस सर. येस सर. हो सर, क्लिअर. दुर्गा वाट बघत राहिली. सगळ्यांची येऊन गेली, ओळी थांबल्या, आणि मग थोड्या वेळानं, सगळ्यांच्या मागून, योगेशचं आलं. येस सर.